रोझानं लावलेलं कव्हर

धावत्या गाडीचं चाक गाडीला मागे टाकून पुढे निघून गेलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या शेडसमोरच्या सिग्नलला एक लाल, दोन दारांची, दांडग्या इंजिनाची जुनी मसल कार उभी होती. दिवा हिरवा झाला, चालवणाऱ्यानं पाय तळाला टेकवला, बंदुकीसारखा आवाज झाला आणि मागचं डावं चाक तुटक्या दांड्यासकट बाहेर आलं. दोन लेन ओलांडून ते समोरच्या गाद्यांच्या दुकानापुढच्या फुलझाडांत जाऊन पडलं. गाडी ठिणग्या उडवत एका अंगावर बसली. मी धावत गेलो. आतून साठीचा एक टेक्सन गृहस्थ उतरला. त्यानं चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "इंजिनला काही झालं नाही ना?" मी तेव्हा या धंद्यात नवा होतो. चाकापेक्षा त्या प्रश्नाचाच मला जास्त धक्का बसला.

त्यानंतरची बावीस वर्षं मी फक्त मागचे एक्सल केले. गाडीचं बाकी काही मला विचारू नका. माझ्या स्वतःच्या गाडीतला रेडिओ बंद पडून चार वर्षं झाली. डॅलसच्या बाजूला गार्लंडमध्ये जुन्या कारखान्यांच्या रांगेत आमची पत्र्याची शेड आहे. तिथे लोक पन्नास-पन्नास वर्षांच्या मसल कार घेऊन येतात. त्यात नवं इंजिन टाकायचा त्यांना भारी शौक. ती सगळी ताकद एका लांब दांड्यातून मागे येते, तिथे दोन दातेरी चक्रांवर काटकोनात वळते आणि डाव्या-उजव्या दोन दांड्यांतून चाकांना मिळते. ही चक्रं, हे दांडे आणि त्यांना पोटात घेणारं लोखंडी हाउसिंग, एवढा ऐवज म्हणजे मागचा एक्सल. इंजिनाची ताकद दुप्पट करायची आणि एक्सल तोच ठेवायचा, ही इथली जुनी खोड. कारण बॉनेट उघडून पाहुण्याला इंजिन दाखवता येतं. एक्सल दाखवायचा तर पाहुण्याला जमिनीवर झोपवावं लागतं. बडा घर, पोकळ वासा म्हणतात ते हेच.

मी मूळचा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, गिअर कापणाऱ्या कारखान्यात वाढलेला माणूस. सुनीतीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे आम्ही डॅलसजवळ प्लेनोला आलो. मला कामाचा परवाना मिळेपर्यंत मी पोळ्या करायला शिकलो, परवाना मिळाल्यावर या शेडमध्ये नोकरीला लागलो आणि म्हातारा मालक निवृत्त झाला तेव्हा शेडच घेतली. इथल्या मराठी मंडळात डॉक्टर आणि डायरेक्टर लोकांच्या घोळक्यात कुणी विचारायचं, "काका, तुम्ही कशात आहात?" मी सांगायचो, गाड्यांचे एक्सल दुरुस्त करतो. "म्हणजे ते मॅनेज करता?" नाही, स्वतःच्या हातानं करतो. मग थोडा वेळ सगळे आपापल्या ताटातल्या बटाटेवड्याकडे बघायचे. मला गंमत वाटायची, आणि खोटं कशाला सांगू, थोडं लागायचंही.

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला यंदा धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या. गमती पुष्कळ आहेत. पण मला एक वेगळी गोष्ट लिहायची आहे, आणि ती लिहायला मी सात वर्षं उशीर केलेला आहे. यंदा मी काम थांबवलं आणि शेड रोझाच्या हवाली केली. रोझा माझ्याकडे अठरा वर्षं होती. ती टेक्ससच्या सरहद्दीकडची. तेलाच्या पाइपलाइनवर वेल्डिंग करून माझ्याकडे आली तेव्हा तिशीत होती, आता पन्नाशीला टेकलीय. शेडची नवी मालकीण म्हणून मी तिचं नाव मंडळात सांगतो, तेव्हा लोक एकमेकांकडे बघतात. एकानं तर तोंडावर विचारलं, "काका, रोझा म्हणजे दसऱ्याचीच ना ती?" आमच्या शेडची निम्मी गिऱ्हाइकं आपली मराठी आणि तेलुगू माणसं आहेत. ती तिच्याकडे गेली नाहीत तर तिला शेड चालवता यायची नाही. म्हणून त्या दसऱ्याला काय झालं, ते जसं झालं तसं इथे लिहितो आहे.

पण आधी धंद्याची थोडी ओळख व्हायला हवी. मागचा एक्सल उघडणं म्हणजे माणसाच्या घरातलं कपाट उघडणं. काय निघेल सांगता येत नाही. एका सद्‌गृहस्थांनी नुकतीच घेतलेली, "आवाज अजिबात नाही" म्हणून कौतुकानं आणलेली गाडी मी उघडली, तर आत तेलात कालवलेला लाकडाचा भुसा होता. झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबायला विकणाऱ्यानं भरलेला. सनीव्हेलहून इकडे बदलून आलेल्या एका कॉम्प्युटर-चिपवाल्या इंजिनिअरनं इंटरनेटवर व्हिडिओ बघून आतली चक्रं वेल्डिंग करून एकमेकांना चिकटवून टाकली होती. दोन्ही चाकं सारखी फिरावीत म्हणून. सरळ रस्त्यावर गाडी झकास जायची. वळताना टायर किंचाळायचे आणि शेजारीपाजारी बाहेर येऊन बघायचे. त्याला मी विचारलं, अरे, तू चिप अशीच डकवतोस का? तो म्हणाला, "काका, व्हिडिओला लाइक्स खूप होते."

गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा हॉर्सपॉवर सांगतं. मी तिकडे कान देत नाही. मी विचारतो, टायर किती रुंद? गिअर हातानं टाकता की ऑटोमॅटिक? सिग्नलला पाय कसा ठेवता? खरं सांगा, डॉक्टरला सांगता तसं नको. कारण एक्सल इंजिनामुळे मोडत नाही, पकडीमुळे मोडतो. टायर घसरला तर ताकद धुरात जाते. टायरनं रस्ता धरला तर ती जायची कुठे? दांड्यात. मग जाड दांडे घालायचे, हाउसिंगच्या नळ्या मधल्या ओतीव गोळ्याला वेल्डिंगनं पक्क्या करायच्या आणि चक्रं एकमेकांत किती ढिली, किती घट्ट बसतात ते डायल लावून केसाच्या जाडीनं मोजायचं.

या सगळ्याच्या आधी एक निवड करावी लागते. काही एक्सलमध्ये चाकाचा दांडा बाहेरच्या टोकाला, बेअरिंगपाशी, चार बोल्टांनी धरलेला असतो. जाणकार ज्याला नुसतं 'नऊ इंची' म्हणतात, तो या जातीचा. दांडा मोडला तरी चाक जागेवर राहतं. दुसऱ्या जातीत दांडा आतल्या टोकाला धरलेला असतो. नालाच्या आकाराची, नाण्याएवढी एक क्लिप दांड्याच्या टोकाला अडकवतात. ती क्लिप निसटू नये म्हणून मध्ये एक पिन. आणि ती पिन सरकू नये म्हणून करंगळीपेक्षा बारीक असा एक बोल्ट. म्हणजे सबंध चाक शेवटी त्या एका बोल्टाच्या भरवशावर. रस्त्यावर लाखो गाड्या अशा धावतात आणि सुखरूप धावतात, पण तो बोल्ट मात्र आवळलेला हवा.

विनय नागपूरचा. प्लेनोतल्या एका मोठ्या कंपनीत क्लाउडचं काम करायचा, बायको मृणाल, मुलगी सई तेव्हा पंधरा वर्षांची. सई सुनीतीच्या रविवारच्या मराठी शाळेत यायची. विनयनं एक निळी, त्याच्या जन्माआधीची मसल कार घेतली होती, तिच्यात नवं इंजिन टाकलं होतं आणि एक्सल जुना, क्लिपच्या जातीचा होता. मी सांगितलं, विनय, काढून टाक हा, नऊ इंची घाल. तो ऐकेना.

"काका, नऊ इंची मस्तच आहे, पण मग माझी कार ओरिजिनल कशी राहील बाप्पा? याच हाउसिंगला स्ट्राँग करा ना. तुम्ही केलं म्हणजे मला टेन्शन नाही."

शेवटचं वाक्य त्यानं म्हटलं नसतं तर मी कदाचित अडून बसलो असतो. गिऱ्हाइकाला चुकीची निवड करू देणं हीसुद्धा कारागिराचीच चूक असते, आणि ती मी गोड शब्दाला भुलून केली. जाड दांडे, नवी चक्रं, नळ्यांना वेल्डिंग, क्लिपची व्यवस्था तीच, असं ठरलं. त्याला गाडी दसऱ्याला हवी होती. पूजा करून मंडळाच्या कार्यक्रमाला तीच घेऊन जायची होती.

दांडे दोन दिवस उशिरा आले. अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत मी आणि रोझानं सगळं बसवलं. पिन आत घातली आणि मोजमापासाठी जुनाच बोल्ट हातानं दोन आटे फिरवून ठेवला. नवा बोल्ट छोट्या पाकिटात आला होता, आट्यांना डिंक लावलेला. तो एकदाच आवळायचा असतो, म्हणून सगळी मापं झाल्यावर शेवटी घालायचा. आमच्या शेडचा एक नियम मी स्वतः घातला होता: बोल्ट मापानं आवळला की त्याच्या डोक्यावर पिवळ्या पेनानं खूण करायची. पिवळी खूण आहे म्हणजे आवळलेला, नाही म्हणजे नाही. विचारायचं नाही, आठवायचं नाही, फक्त बघायचं. या नियमाचा मला फार अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. उद्यमनगरात त्या दिवशी कुणी हत्यार उचलत नाही. हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, फुलं घालायची, दिवसभर त्यांना विश्रांती. ती रीत मी टेक्ससमध्येही मोडली नाही. रोझाला त्या दिवशी भरपगारी सुट्टी असायची. मी आणि सुनीतीनं पाने, डायल, मायक्रोमीटर, टॉर्क रेंच, अगदी ते पिवळं पेनसुद्धा पाटावर मांडलं. नव्या बोल्टाचं पाकीटही हाताशी होतं, तेही ठेवलं. इंडियन ग्रोसरीतून आणलेली झेंडूची फुलं वाहिली. विनयची गाडी वर उचललेली होती, एक्सलचं तोंड उघडं. सुनीती म्हणाली, "हिलाही लावा की. ही काय परकी आहे?" मी अनामिका ओल्या हळदीत बुडवली आणि एक्सलच्या आत टेकवली. मग शेजारी कुंकू लावलं. हात जोडले. हळदीचं बोट नेमकं त्या बोल्टाच्या डोक्यावर टेकलं होतं, हे माझ्या डोळ्यांना दिसलं आणि डोक्यात मात्र गेलं नाही.

दसऱ्याला सकाळी नऊलाच विनय, मृणाल, सई आणि मंडळातली आणखी दोन कुटुंबं नारळ, लिंबं, हार घेऊन हजर झाली. नागपूरहून विनयच्या आईनं मुहूर्त काढून दिला होता: पावणेअकराच्या आत गाडी हलली पाहिजे. रोझा कामावर आली होती. मी पाटावरची पूजा उचलायला लागणार, एवढ्यात विनयनं फोन माझ्या तोंडासमोर धरला. व्हिडिओवर त्याची आई होती. तिला मिस्त्रींना बघायचं होतं. मी रोझाला घाईत दोनच गोष्टी सांगितल्या. आतलं लाल पुसून काढ, तेलात जायला नको. आणि कव्हर लाव. मग पंधरा मिनिटं मी त्या माउलीला तिच्या लेकाचा एक्सल समजावून सांगितला आणि तिचे आशीर्वाद घेतले. परत आलो तर कव्हर लागलेलं, तेल भरलेलं, चाकं चढलेली. झालं का, मी विचारलं. झालं, ती म्हणाली. तिच्या लेखी झालं होतं, आणि माझ्या लेखीही. इतका साधा प्रसंग होता तो.

लिंबं चिरडून गाडी निघाली. सई पुढे बापाशेजारी बसली. मी विनयला सांगितलं होतं की नवी चक्रं आहेत, पहिले वीस मैल एका वेगानं, शांत चालव. थोडी घरघर येईल, घाबरू नको. बाकीचे आपापल्या गाड्यांतून पुढे गेले, सुनीतीही मृणालबरोबर गेली. मी पाट आवरायला घेतला. झेंडूची फुलं उचलली आणि खालून ते पाकीट निघालं. न फोडलेलं.

मी ते मुठीत धरून उठलो. मी रोझाला हाक मारली, पिनचा बोल्ट तू आवळलास का म्हणून विचारलं. ती म्हणाली, तो तर परवा मी गेल्यावर तुम्हीच आवळला होता, त्याच्यावर पिवळी खूण होती. मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. अनामिकेच्या नखात हळद होती. आपल्याच बोटाची इतकी भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती.

विनय फोन उचलेना. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू येत नव्हता. सुनीतीला फोन करून मी सईचा नंबर घेतला. सईनं उचलला.

"सई, बाबाला फोन स्पीकरवर दे."

"काका, ही कान्ट हिअर, इट्स सो लाउड. बट देअर इज धिस क्लिकिंग साउंड. डॅड म्हणतो, इट्स नॉर्मल, तुम्ही सांगितलं होतं."

नवी चक्रं घरघरतात. ती टकटक करत नाहीत. मी तिला विचारलं, तुम्ही कुठे आहात? हायवेवर, आता आमचंच एक्झिट येईल, ती म्हणाली. हायवे सोडून खाली उतरायचं ते एक्झिट मला ठाऊक होतं, गोल वळणाचं. वळणावर सगळा भार दांड्याला बाहेर ढकलतो. पिन सरकली असेल, क्लिप सुटली असेल, तर चाक तिथेच बाहेर पडणार होतं आणि पलीकडे पुलाचा कठडा होता.

"सई, नीट ऐक. एक्झिट घ्यायचं नाही. बाबाला ओरडून सांग. सरळ जा, पाय काढ, ब्रेक मारू नको, हळूहळू उजवीकडे कडेला घे. आत्ता."

तिनं सांगितलं. मला तिचा आवाज ऐकू येत होता, एरवी मराठी शाळेत तोंडही न उघडणाऱ्या मुलीचा. "बाबा, वळू नको. सरळ. सरळ जा." मग बराच वेळ नुसतं इंजिन. मग तेही थांबलं. सई म्हणाली, "वी स्टॉप्ड, काका." मी शेडमधल्या स्टुलावर बसलो तो रोझानं हात देऊन उठवेपर्यंत उठलो नाही.

गाडी आम्ही मागची चाकं न फिरवता फ्लॅटबेड ट्रकवर चढवून शेडमध्ये परत आणली. तोवर मृणाल, सुनीती आणि ती दोन कुटुंबंही कार्यक्रम सोडून परत आली होती. गाडी वर उचलली. रोझानं कव्हरचे बोल्ट सोडले. तेल खालच्या भांड्यात पडलं आणि तेलाबरोबर तो बोल्ट पडला, टण्ण आवाज करून. पिन अर्ध्या बोटाएवढी बाहेर आलेली होती आणि तिचं टोक दात्यांना घासून आरशासारखं चकाकत होतं. क्लिप कशी टिकली हे मला आजही सांगता येत नाही. मृणालनं सईला घट्ट धरलं. मी तीस-पस्तीस वर्षं यंत्रांत काढली होती, पण मरण इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

मग विनयनं इंग्रजीत विचारलं, हे कव्हर कोणी लावलं?

रोझा म्हणाली, मी. आणि म्हणाली, मला माफ करा.

विनयचा तोल गेला. बाप होता, जाणारच. तो तिला जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. त्या वेळी मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला फक्त इतकंच म्हणायचं होतं, की थांब, खूण माझ्या हळदीची आहे. पण तेवढ्यात तो माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "काका, तुमच्या हातून असं होणारच नाही, मला माहितीये. पण अशा माणसांवर भरवसा टाकू नका."

आणि मी गप्प बसलो. अख्खं मंडळ समोर उभं होतं. ज्या मंडळात पंधरा वर्षं माझ्या कामाचं नाव काढलं की लोक वड्याकडे बघायचे, तिथे त्या क्षणी माझा हात हा शेवटचा शब्द झाला होता. शिवाय मनात आलं, पूजेच्या हळदीमुळे पोरगी मरणाच्या दारात गेली, हे सांगू कोणत्या तोंडानं? सुनीतीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या लक्षात आलं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे विनय, सगळे सुखरूप आहेत ना, झालं ते झालं." असलं गुळगुळीत वाक्य माझ्या तोंडून निघालं याचा धक्का मला चाकाच्या, भुशाच्या, त्या बोल्टाच्या धक्क्यापेक्षा मोठा बसला. तो अजून ओसरलेला नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. विनयनं नऊ इंची घालायचं कबूल केलं, एका अटीवर: गाडीला रोझाचा हात लागता कामा नये. मी बरं म्हणालो. गोष्ट मंडळात फिरली. त्यानंतर आपली माणसं गाडी सोडताना हळूच म्हणायची, "काका, तुम्हीच बघाल ना?" मी मान हलवायचो. रोझाला मराठी येत नाही, पण एवढं कळायला भाषा लागत नाही. सुनीतीनं मला पहिल्या वर्षी दोनदा टोकलं, दुसऱ्या वर्षी एकदा, मग सोडून दिलं. खंडेनवमीला मी पूजा करत राहिलो, मात्र हळदीत बोट घालायचं काम तिच्याकडे दिलं.

हा लेख छापायला देण्याआधी मी शेडवर गेलो आणि रोझाला शेवटपर्यंत इंग्रजीत सांगितला. ती वेल्डिंगचं हेल्मेट मांडीवर घेऊन ऐकत होती. मला वाटलं होतं, ती चकित होईल. ती म्हणाली, एक गोष्ट राहिली. खूण असली तरी मी पाना लावून बघायला हवं होतं, तेही लिहा. मी म्हणालो, रोझा, नियम माझा होता. ती म्हणाली, बोल्ट तर माझ्या हाताखाली होता.

मग तिनं सांगितलं की तिला हे ठाऊक होतं. त्याच दिवसापासून. संध्याकाळी शेड झाडताना सकाळचा पुसायचा बोळा तिच्या हाती आला. त्याच्यावर लाल होतं आणि पिवळंही होतं. आमच्या पेनाचा रंग वाळला की फडक्याला लागत नाही.

मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस?

"हळद तुमची होती, बॉस. सांगायला तुम्हीच हवं होतं. मी वाट बघत होते."

सात वर्षं ती माझ्याशेजारी उभी राहून काम करत होती, मला कॉफी आणून देत होती, आणि वाट बघत होती. ती उठली, हेल्मेट घातलं आणि कामाला लागली.

आता शेवटचं, आणि हे विनय, तुझ्यासाठी. तू अट घातलीस तेव्हा मी बरं म्हणालो, पण नव्या हाउसिंगला वेल्डिंग लागतं आणि मला ते येत नाही, कधीच आलं नाही. शेडमधलं सगळं वेल्डिंग रोझाच करायची. तू गाडी घ्यायला आलास, खाली वाकलास, वेल्डिंगच्या त्या एकसारख्या टाक्यांवरून बोट फिरवलंस आणि म्हणालास, "काका, काय हात आहे तुमचा." मी हसलो. तो हात माझा नव्हता. गेली सात वर्षं तू ज्या एक्सलवर फिरतोस, आणि गेल्या उन्हाळ्यात सई ज्याच्यावर ऑस्टिनला एकटी गेली आणि सुखरूप परत आली, तो रोझानं जोडलेला आहे.